आनंदीबाईंची पदवी किती कसाची?

अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणून आनंदीबाई जोशी यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती पदवी किती कसाची होती, याची चौकशी मात्र क्वचितच होते. लेखक-नाटककार बहुधा गोपाळरावांच्या विक्षिप्तपणातच अधिक रमले.

कल्याणच्या जोशी घराण्यातील या यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात झाला. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व. आणि योग्य उपचारांअभावी मूल दहा दिवसांतच दगावले. वैद्यकाची ओढ त्या दुःखातून आली. पण शिकायचे कोठे? मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला होता, सुईणींचे वर्गही निरनिराळ्या इलाख्यांत चालत. १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात आनंदीबाईंनी या शिक्षणाची झडतीच घेतली. ते सदोष व अपुरे आहे आणि शिक्षक सनातनी, काहीसे मत्सरीही आहेत, असे त्यांनी सांगितले. वर, हा पुरुषजातीचा स्वभावच असल्याने त्यांना दोष देत नाही, अशी कोपरखळीही मारली. अठरा वर्षांच्या मुलीचे हे परीक्षण आजही थक्क करते.

अमेरिकेतही सारे आलबेल नव्हते. नफ्यासाठी काढलेल्या कित्येक वैद्यकीय शाळांतून रोग्याला हात न लावताही पदवी मिळे. पुढे अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ संस्था तपासून १९१० मध्ये अहवाल दिला. प्रवेशाची पात्रता, अध्यापक, निधी, प्रयोगशाळा आणि रुग्णालयाशी असलेला संबंध हे त्यांचे निकष. त्यानंतर अनेक शाळा बंद पडल्या. फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय टिकले. १८५० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत आनंदीबाई १८८३ मध्ये दाखल झाल्या. पुरुषांच्या रुग्णालयांत विद्यार्थिनींची हेटाळणी होई. पण १८६१ पासून स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभे असल्याने शिक्षण केवळ व्याख्यानांवर भागत नव्हते. अधिष्ठात्या रेचेल बॉडली स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या.

थंडी, परका आहार आणि ढासळती प्रकृती सांभाळत आनंदीबाईंनी प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली. त्या विद्येची खरी परीक्षा तेथेच झाली असती. परंतु क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत त्या स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांना रुजू होता आले नाही. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या; न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांचे स्मृतिचिन्ह आहे.