तानाका हिसाशिगे

तानाका हिसाशिगे (१६ ऑक्टोबर १७९९ – ७ नोव्हेंबर १८८१) हे जपानी कारागीर, घड्याळकार व संशोधक होते. लाकडी स्वयंचलित बाहुल्या, ‘मान्नेन-दोकेई’ हे घड्याळ आणि जपानमधील आरंभीची वाफेची यंत्रे ही त्यांची प्रमुख निर्मिती होय. तोशिबा या उद्योगसमूहाचे एक मूळ त्यांच्या कारखान्यात आहे.

प्रारंभिक जीवन

क्युशू बेटावरील कुरुमे या गावी, कासवाच्या कवचापासून वस्तू घडविणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव गिएमोन. सहाध्यायांना उघडता येऊ नये अशी गुप्त कळ असलेली दौतपेटी त्यांनी बालपणीच तयार केल्याचे सांगितले जाते. किशोरवयात त्यांनी कुरुमेच्या विणकर इनोउए देन यांना कापडात चित्राकृती विणण्याच्या कामी साहाय्य केले. थोरला मुलगा म्हणून वडिलांचा व्यवसाय त्यांच्याकडे यावयाचा होता. तो त्यांनी धाकट्या भावाकडे सोपवला.

यांत्रिक बाहुल्या

‘काराकुरी’ म्हणजे आत कळ दडविलेले यंत्र. गोकोकु देवस्थानाच्या जत्रेत अशा बाहुल्यांचे खेळ करून तानाका प्रसिद्धीस आले व ‘काराकुरी गिएमोन’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे त्यांनी अन्य शहरांतही खेळ केले.

त्यांची सर्वोत्तम बाहुली धनुर्धर बालकाची. हा बालक शेजारच्या घडवंचीवरून बाण उचलतो, धनुष्याला लावतो, प्रत्यंचा ओढतो आणि समोरच्या लक्ष्यावर सोडतो. असे चार बाण. स्प्रिंगच्या बळावर आतील आस फिरतो. त्यावरच्या चकत्या (कॅम) पूर्ण गोल नसून प्रत्येकीच्या कडेला निराळे उंचवटे व खोलगट भाग असतात. कडेला टेकलेली तरफ त्यांनुसार वरखाली होते आणि तिला बांधलेला दोरा हात, बोटे किंवा मान हलवितो. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांतही दोरेच असतात, परंतु तेथे ते माणसाच्या बोटांत असतात. येथे हालचालींचा संपूर्ण क्रम चकत्यांच्या कडेवर आधीच कोरलेला आहे. चेहरा एकाच लाकडाचा व अचल, तरीही मान किंचित कलताच छायाप्रकाश पालटतो आणि मुद्रा बदलल्याचा भास होतो. एक बाण हेतुपुरस्सर चुकावा अशी योजना असल्याचे मानले जाते. ही योजना खरी असेल, तर ती यंत्रज्ञापेक्षा नाटककाराला शोभणारी आहे.

मान्नेन-दोकेई

१८३४ मध्ये तानाका ओसाकास गेले. १८३७ च्या ओशिओ हेइहाचिरो यांच्या बंडात लागलेल्या आगीत त्यांचे घर जळाले आणि ते फुशिमी येथे स्थलांतरित झाले. हवेच्या दाबाने तेल वर चढविणारा दिवा त्यांनी याच काळात विकसित केला. क्योतो येथे त्यांनी खगोलविद्येचे अध्ययन केले.

त्याचे फलित म्हणजे १८५१ मध्ये पूर्ण झालेले सहा मुखांचे घड्याळ. तत्कालीन जपानमध्ये दिवसाचे सहा व रात्रीचे सहा भाग करीत. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचे प्रहर लांबत व हिवाळ्यात आखडत. इतर घड्याळांत ऋतुमानानुसार माणसाला फेरबदल करावे लागत. तानाकांच्या घड्याळात प्रहरांच्या खुणा वर्षभर आपोआप सरकतात. पाश्चात्त्य वेळ, वार, चंद्रकला, चोवीस सौर विभाग व साठांचे कालचक्रही त्यात दिसते. साठ संवत्सरांशी परिचित मराठी वाचकास हे अखेरचे मुख ओळखीचे वाटेल. सुमारे एक हजार भागांच्या या यंत्राची दंतचक्रे कानशीने हाताने घासलेली आहेत.

उत्तरायुष्य

सागा संस्थानाच्या सेवेत असताना १८५५ च्या सुमारास त्यांनी सहकाऱ्यांसह वाफेच्या आगगाडीची चालती प्रतिकृती तयार केली. पुढे आगबोट व तोफांचे कामही केले. १८६४ मध्ये पुत्र व नातू यांची हत्या झाली. तरीही वयाच्या पासष्टीतील या कारागिराने काम थांबविले नाही. १८७३ मध्ये सरकारी तारयंत्रांच्या कामासाठी ते तोक्योस गेले आणि १८७५ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, गिन्झा येथे स्वतःचा कारखाना काढला. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले. दत्तक पुत्राने हा उद्योग वाढविला. शिबाउरा येथील त्या कारखान्याचे १९३९ मध्ये तोक्यो देन्की या कंपनीशी विलीनीकरण होऊन तोशिबाची स्थापना झाली.

मान्नेन-दोकेई तोक्योच्या उएनो येथील राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालयात पाहावयास मिळते. अभियंत्यांनी ते उकलून घडविलेली प्रतिकृती २००५ च्या आइची जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आली होती.