फुलांचा मुकुट आणि हडसनचा काठ

६ जुलै १९९२. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीला लागून वाहणाऱ्या हडसन नदीत धक्क्यांजवळ एक मृतदेह तरंगताना आढळला. समलिंगी आणि तृतीयपंथीयांची वार्षिक अभिमान यात्रा होऊन जेमतेम आठ दिवस लोटले होते. पोलिसांनी फारशी चौकशी न करता आत्महत्या अशी नोंद केली आणि प्रकरण मिटवले. मृत व्यक्तीचे वय ४६ होते. स्वतःचे घर नाही, कायमची नोकरी नाही, पोलिसांच्या दफ्तरी मात्र अटकांची लांबलचक यादी. अशा माणसाच्या मृत्यूसाठी वेळ खर्च करण्याची यंत्रणेला गरज वाटली नाही.

ख्रिस्तोफर स्ट्रीटला मात्र ती गरज वाटली. मार्शा पी. जॉन्सन गेल्याची वार्ता पसरताच नदीकाठी फुले आणि मेणबत्त्यांची रास जमली. अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये माणसे मावली नाहीत, गर्दी रस्त्यावर आली. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरून ही यात्रा नदीकडे निघाली, तेव्हा पोलिसांनीच रहदारी थांबवून वाट मोकळी करून दिली. ज्या खात्याने तिला आयुष्यभर पदपथावरून हुसकावले होते, त्याच खात्याच्या पहाऱ्यात तिची रक्षा हडसनच्या पाण्यात सोडण्यात आली.

पंधरा डॉलर आणि कपड्यांची पिशवी

मार्शाचा जन्म २४ ऑगस्ट १९४५ रोजी न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ या औद्योगिक शहरात झाला. सात भावंडांत तिचा क्रमांक पाचवा. वडील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामगार, आई लोकांच्या घरी काम करणारी. कुटुंब कृष्णवर्णीय आणि भाविक होते. चर्चवरील श्रद्धा मार्शाने अखेरपर्यंत सोडली नाही.

घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवले. पाचव्या वर्षी ती मुलींचे झगे घालू लागली. शेजारच्या मुलांनी छळ मांडला, एका मोठ्या मुलाने अत्याचार केला आणि झगे बंद झाले. १९६३ मध्ये शालेय शिक्षण संपताच खिशात पंधरा डॉलर आणि हातात कपड्यांची पिशवी घेऊन तिने न्यूयॉर्क गाठले.

हे महानगर तिच्यासारख्यांना सामावून घेत होते, पण सांभाळत नव्हते. त्या काळी पुरुष म्हणून नोंद असलेल्या व्यक्तीने स्त्रीवेश धारण करणे हे अटकेला पुरेसे कारण ठरत असे. नोकरी आणि भाड्याचे घर दोन्ही दुर्लभ. कधी उपाहारगृहात वाढपी म्हणून, बहुतेक वेळा देहविक्रय करून तिने दिवस काढले. आपल्याला शंभराहून अधिक वेळा अटक झाल्याचा हिशेब तिने स्वतःच मांडला होता. सत्तरच्या दशकात तिच्यावर गोळीही झाडली गेली.

जॉन्सन हे आडनाव तिने बेचाळिसाव्या रस्त्यावरील हॉवर्ड जॉन्सन या उपाहारगृहावरून घेतले. नावातील पी या अक्षराची कथा न्यूयॉर्कमध्ये आजही सांगितली जाते. एकदा न्यायाधीशांनी या अक्षराचा अर्थ विचारला. तिकडे लक्ष देऊ नये, हाच त्याचा अर्थ असल्याचे तिने सांगितले. न्यायाधीशांना हसू आवरले नाही आणि तिची सुटका झाली. पुढे आपण स्त्री की पुरुष, या प्रश्नालाही तिने हेच उत्तर दिले.

फूलबाजारात फुलांची निवड करण्याच्या मेजांखाली ती अनेकदा झोपत असे. विक्रेत्यांकडे उरलेली फुले तिला मिळत. त्यांचा मुकुट डोक्यावर चढवून ती रस्त्याने हिंडे. जवळचे पैसे, प्रसंगी अंगावरचे कपडेही ती दुसऱ्याला देऊन टाकी. तिला ओळखणारे अनेक जण तिला संत मानत.

स्टोनवॉलची रात्र

२८ जून १९६९ च्या पहाटे ख्रिस्तोफर स्ट्रीटवरील स्टोनवॉल इन या मद्यालयावर पोलिसांनी छापा घातला. असे छापे नित्याचेच होते. त्या रात्री मात्र गिऱ्हाइकांनी आणि रस्त्यावरच्या मुलांनी प्रतिकार केला. पुढचे काही दिवस धुमश्चक्री चालली आणि अमेरिकेतील समलिंगी हक्कांच्या चळवळीला नवे वळण मिळाले.

पहिली वीट मार्शाने फेकली, अशी आख्यायिका रूढ झाली आहे. तिने स्वतः ती मान्य केली नव्हती. आपण दोनच्या सुमारास पोहोचलो तेव्हा दंगल पेटलेली होती, असेच ती सांगत असे. मात्र त्या संघर्षात आघाडीवर असलेल्यांत ती होती, याविषयी प्रत्यक्षदर्शींचे दुमत नाही. दिव्याच्या खांबावर चढून तिने पोलिसांच्या मोटारीवर जड वस्तू भरलेली पिशवी टाकल्याची आठवण नोंदली गेली आहे.

मार्शाचे खरे कर्तृत्व त्यानंतरचे आहे. १९७० मध्ये तिने आपली तरुण मैत्रीण सिल्व्हिया रिव्हेरा हिच्यासह ‘स्टार’ ही संघटना उभी केली. घरातून हाकलून दिलेली तृतीयपंथी मुले या दोघींच्या डोळ्यांसमोर होती. या मुलांच्या निवाऱ्यासाठी ईस्ट सेकंड स्ट्रीटवरील एक मोडकळीला आलेली इमारत त्यांनी भाड्याने घेतली. मुलांना रस्त्यावर देह विकावा लागू नये म्हणून भाडे आणि अन्न यांसाठी या दोघी स्वतः रस्त्यावर उभ्या राहत. सिल्व्हिया तेव्हा विशीतही पोहोचली नव्हती. भाडे थकले आणि १९७१ च्या मध्यास घर हातचे गेले. तृतीयपंथीयांनी तृतीयपंथीयांसाठी चालवलेल्या अमेरिकेतील अगदी पहिल्या निवाऱ्यांत त्याची गणना होते.

आपल्यांतही परकी

चळवळ प्रतिष्ठित होऊ लागली तसे तिच्यातील काहींना स्त्रीवेशातील ही माणसे अडचणीची वाटू लागली. १९७३ च्या अभिमान यात्रेत त्यांनी सहभागी होऊ नये, असे आयोजकांनी ठरवले. मार्शा आणि सिल्व्हिया यांनी वाद घालण्याऐवजी यात्रेच्या फलकाच्याही पुढे चालणे पसंत केले.

१९७५ मध्ये विख्यात चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी ‘लेडीज अँड जेंटलमेन’ या मालिकेसाठी तिची छायाचित्रे घेतली. चित्रे मोठ्या किमतीची ठरली, मात्र ज्यांची ती होती त्यांची नावे प्रदर्शनात दिली गेली नाहीत. मानसिक आजारामुळे तिला वारंवार रुग्णालयात राहावे लागे. बरी झाली की ती पुन्हा ख्रिस्तोफर स्ट्रीटवर हजर होई. ‘हॉट पीचेस’ या नाट्यमंडळीसोबत तिने रंगमंचही गाजवला.

१९८० पासून ती एका मित्राच्या घरी राहू लागली. एड्सने त्या पिढीला ग्रासले तेव्हा मरणाऱ्या मित्रांची शुश्रूषा तिने केली आणि ‘अ‍ॅक्ट अप’ या संघटनेच्या आंदोलनांत भाग घेतला. स्वतःलाही एचआयव्हीची बाधा झाल्याचे तिने मृत्यूपूर्वी काही दिवस आधी दिलेल्या मुलाखतीत उघड केले.

एक शब्द बदलायला दहा वर्षे

आत्महत्येचा निष्कर्ष मार्शाच्या सुहृदांना कधीच पटला नाही. तिच्या डोक्यावर जखम होती. मृत्यूपूर्वी काही पुरुष तिला त्रास देत असल्याचे पाहणारे लोक होते. मित्रांनी पत्रके लावली, साक्षी गोळा केल्या, चौकशीची मागणी लावून धरली. दहा वर्षांनी, २००२ मध्ये, मृत्यूच्या नोंदीतील आत्महत्या हा शब्द जाऊन कारण अनिश्चित अशी दुरुस्ती झाली. २०१२ मध्ये पोलिसांनी प्रकरण पुन्हा उघडले. हत्या सिद्ध झालेली नाही आणि कोणालाही शिक्षा झालेली नाही.

अशा मृत्यूंना सरकारी कागदात न मिळणारी जागा समाजाने स्वतः निर्माण केली. २८ नोव्हेंबर १९९८ रोजी बोस्टनच्या ऑल्स्टन भागात रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय तृतीयपंथी स्त्रीची तिच्याच घरात हत्या झाली. वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख पुरुष म्हणून केल्याने दुःखात संतापाची भर पडली. ग्वेंडोलिन अ‍ॅन स्मिथ या कार्यकर्तीने त्यातून बळींच्या नावांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला आणि १९९९ पासून २० नोव्हेंबर हा स्मृतिदिन पाळला जाऊ लागला. या दिवशी मेणबत्त्या लावून वर्षभरात हिंसेला बळी पडलेल्यांची नावे वाचली जातात. त्यांनी स्वतः निवडलेली नावे. कारण मृत्यूनंतर अनेकदा पहिले हिरावले जाते ते हेच नाव. मार्शाच्या मित्रांनी हडसनच्या काठावर नेमके हेच केले होते, सात वर्षे आधी.

काळ बदलला तसे मानसन्मानही आले. २०१६ मध्ये स्टोनवॉलचा परिसर राष्ट्रीय स्मारक ठरला. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्तांनी १९६९ च्या छाप्याबद्दल माफी मागितली. २४ ऑगस्ट २०२० रोजी, मार्शाच्या ७५ व्या जन्मदिनी, ब्रुकलिनमधील नदीकाठच्या सरकारी उद्यानाला तिचे नाव देण्यात आले.

मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टोनवॉल स्मारकाच्या सरकारी संकेतस्थळावरून तृतीयपंथीयांचा निर्देश करणारा शब्दच वगळण्यात आला. दुसऱ्याच दिवशी स्मारकासमोर निषेधासाठी लोक जमले. १९७३ मध्येही मार्शाला यात्रेबाहेर राहण्यास सांगण्यात आले होते. त्या दिवशी ती घरी बसली नव्हती.