पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : जीवनकार्य व स्मृतिस्थळे

काशी, गया, सोमनाथ, परळी वा वेरूळ यांपैकी कोणत्याही क्षेत्री गेलेल्या भाविकाच्या कानी एक नाव हमखास पडते. ते म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे. कोठे मंदिर, कोठे घाट, कोठे कुंड, तर कोठे धर्मशाळा अशा रूपाने त्यांचे कार्य भारतभर उभे आहे. या थोर कार्याचा उगम मात्र सीना नदीकाठच्या एका लहानशा खेड्यात झाला. त्यांच्या जीवनकार्याची व भाविकांना सहज पाहता येतील अशा स्मृतिस्थळांची माहिती येथे थोडक्यात दिली आहे.

जन्म व बालपण

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात असून पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यास २०२४ साली त्यांच्याच नावावरून अहिल्यानगर असे नाव देण्यात आले. वडील माणकोजी शिंदे यांच्याकडे गावची पाटीलकी होती. मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नसलेल्या त्या काळात माणकोजींनी आपल्या कन्येस लिहावयास व वाचावयास शिकविले. घरातील देवपूजा, गावचे महादेवाचे मंदिर, शेती आणि गुरेढोरे यांच्या सान्निध्यात त्यांचे बालपण गेले. खेड्यातील माणसाला पाऊस, पाणी व रस्ता यांचे मोल काय असते, याची जाण त्यांना येथेच आली असली पाहिजे. पुढील आयुष्यातील त्यांची कामे पाहिली असता हे ध्यानात येते.

विवाह व राजकारणाचे शिक्षण

होळकर घराण्याचे मूळ गाव नीरा नदीकाठचे होळ हे होय. त्या गावावरूनच घराण्यास होळकर हे आडनाव मिळाले. या घराण्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव होळकर प्रवासात चौंडी येथे मुक्कामास असता त्यांनी मंदिरात या मुलीस पाहिले व तिची नम्रता आणि तेज पाहून तिला सून करून घेण्याचे ठरविले, अशी परंपरागत कथा सांगितली जाते. १७३३ साली मल्हाररावांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना मालेराव हा पुत्र व मुक्ताबाई ही कन्या अशी दोन अपत्ये झाली.

१७५४ साली भरतपूर प्रांतातील कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. तत्कालीन रूढीप्रमाणे अहिल्यादेवी सती जाण्यास सिद्ध झाल्या. परंतु पुत्रवियोगाने खचलेल्या मल्हाररावांनी त्यांना विनवून त्या निश्चयापासून परावृत्त केले. पुढे मोहिमेवर असताना मल्हारराव तोफखाना, दारूगोळा, रसद व वसुली यांची कामे पत्रांद्वारे सुनेकडे सोपवीत. राज्यकारभाराचे त्यांचे खरे शिक्षण असे झाले.

राज्याची धुरा

१७६६ साली मल्हाररावांचे आलमपूर येथे निधन झाले. त्यानंतर गादीवर आलेले मालेराव हेही वर्षभरातच, १७६७ साली, मृत्यू पावले. पती, सासरे आणि पुत्र असे तिन्ही आधार तुटले. हीच संधी साधून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती ठेवण्याचा बेत केला व राघोबादादांना सैन्यासह येण्यास सुचविले. अहिल्यादेवींनी तो बेत ठामपणे नाकारला, युद्धाची सिद्धता केली आणि पुण्यास श्रीमंत माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. सैन्याची जबाबदारी तुकोजीराव होळकर यांच्याकडे देऊन अहिल्यादेवींनी नर्मदातीरी महेश्वर येथून सुमारे अठ्ठावीस वर्षे राज्य केले.

पहाटे उठून स्नान, पूजा व पुराणश्रवण, त्यानंतर दानधर्म, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत दरबार आणि सायंपूजेनंतर पुन्हा रात्रीपर्यंत कामकाज असा त्यांचा दिनक्रम असे. रयतेतील कोणासही आपली तक्रार थेट त्यांच्यापुढे मांडता येई. निपुत्रिक विधवेचे धन सरकारजमा करण्याऐवजी त्यांनी तिला दत्तक घेण्याची मोकळीक दिली. डोंगरातील भिल्ल लोकांकडून वाटसरूंस उपद्रव होत असे. त्यासाठी केवळ शिक्षेचा मार्ग न धरता त्यांनी भिल्लांस भिलकवडी नावाचा अल्प कर घेण्याचा हक्क मान्य केला व त्याबदल्यात आपापल्या टापूतील रस्त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. यात्रेकरूंचा मार्ग यामुळे निर्भय झाला. महेश्वरी त्यांनी बाहेरून विणकर आणून वसविले. महेश्वरी साडीची ख्याती तेव्हापासूनची आहे.

धर्मकार्य

काशी येथील श्री विश्वेश्वराचे मंदिर १६६९ साली पाडण्यात आले होते. शंभराहून अधिक वर्षांनंतर, १७८० साली, अहिल्यादेवींनी तेथे नवे मंदिर बांधून पूर्ण केले. सोमनाथ येथे भग्न मंदिरानजीक त्यांनी १७८३ साली नवे मंदिर उभारले व शिवलिंगाची स्थापना सुरक्षिततेसाठी तळघरातील गाभाऱ्यात केली. गया येथील विष्णुपद मंदिराचे आजचे बांधकाम १७८७ सालचे व त्यांचेच आहे. काशीतील गंगेचे घाट व महेश्वरचे नर्मदेचे घाट सर्वश्रुत आहेत.

या कार्यातील एक गोष्ट दानशूर भाविकांनी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मंदिर बांधून झाले म्हणजे दान पूर्ण झाले, असे अहिल्यादेवींनी कधी मानले नाही. नित्यपूजा, नैवेद्य, नंदादीप, अन्नछत्र व डागडुजी यांसाठी त्या ठिकठिकाणी जमिनी वा वार्षिक नेमणुका लावून देत. दूरदूरच्या देवस्थानांस दरवर्षी गंगाजल पाठविण्याचीही व्यवस्था होती. हा खर्च होळकरांच्या खासगीतून, म्हणजे घराण्याच्या स्वतंत्र उत्पन्नातून होई. राज्याच्या तिजोरीवर वा रयतेवर त्याचा भार पडत नसे. दगडी बांधकाम एका पिढीत उभे राहते, पण गाभाऱ्यातील दिवा रोज लावावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

त्यांची दया केवळ मोठ्या क्षेत्रांपुरती नव्हती. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया घातल्या जात, थंडीच्या आरंभी गरिबांस वस्त्रे दिली जात. नांगर ओढणाऱ्या बैलांस शेतातच थांबवून पाणी पाजण्यासाठी माणसे नेमलेली असत. शेतकरी पिकावरून पाखरांना हाकलतात, म्हणून पाखरांसाठी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन मोकळी ठेवली जात.

अखेरचा काळ

देवालये उभारणाऱ्या या माउलीच्या घरात दुःख मात्र थांबले नाही. नातू गेला आणि १७९१ साली जावई यशवंतराव फणसे यांचे निधन झाले. कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. अहिल्यादेवींनी आई म्हणून परोपरीने विनवणी केली. सासऱ्याच्या ज्या विनवणीने त्या स्वतः थांबल्या होत्या, तशाच विनवणीने कन्या थांबली नाही. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. कन्येच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरी सुंदर छत्री बांधली व पुन्हा कारभारात लक्ष घातले. श्रावण वद्य चतुर्दशीस, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांनी महेश्वर येथे देह ठेवला.

पाहण्यासारखी स्थळे

चौंडी : जन्मस्थान. शिंदे घराण्याची गढी, महादेवाचे मंदिर व अहिल्यादेवींच्या जीवनावरील शिल्पसृष्टी. दरवर्षी ३१ मे रोजी येथे जयंती साजरी होते.

वेरूळ : श्री घृष्णेश्वर ज्योतिर्लिंग. मालोजीराजे भोसले यांच्यानंतर अठराव्या शतकात होळकर घराण्यातील गौतमाबाई व अहिल्यादेवी यांनी येथे जीर्णोद्धार केला. जवळच पायऱ्यांचे शिवालय तीर्थ आहे.

परळी : श्री वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्यादेवींनी केला.

जेजुरी : श्री खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. मल्हारराव व गौतमाबाई यांच्या स्मरणार्थ उभारलेले मंदिर व होळकर तलाव पाहण्यासारखे आहेत.

पंढरपूर : होळकर वाडा व त्यातील श्रीराम मंदिर.

चांदवड : मुंबई-आग्रा मार्गावरील या गावी होळकरांचा रंगमहाल आहे.

याशिवाय महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत गावाबाहेरची दगडी बारव अहिल्यादेवींची म्हणून ओळखली जाते. काही ठिकाणी त्यास लेखाचा आधार आहे, तर काही ठिकाणी केवळ लोकस्मृतीचा. विहिरीतून पाणी काढण्यास दोर व पोहरा लागतो. पायऱ्यांच्या बारवेत मात्र रिकाम्या हाताने आलेला वाटसरूही उतरून तहान भागवू शकतो. ज्याच्याजवळ काहीच नाही त्याचीही सोय व्हावी, हा या बांधकामामागील विचार होय.

आज यांतील कित्येक बारवा गाळाने व झाडोऱ्याने भरलेल्या आहेत, तर काहींचे चिरे निखळले आहेत. अलीकडे काही गावांत तरुणांनी श्रमदानाने त्या स्वच्छ केल्या व पाणी पुन्हा दिसू लागले, ही समाधानाची बाब आहे. भाविकांनी यात्रेहून परतल्यावर आपल्या गावच्या बारवेकडे, घाटाकडे वा पडक्या देवळाकडेही एकदा पाहावे. दर्शनास जाताना तेथे कचरा टाकू नये, चिऱ्यांवर नावे कोरू नयेत, पाण्यात निर्माल्य सोडू नये. ज्यांना दान करावयाचे आहे त्यांनी नव्या बांधकामाबरोबरच जुन्याच्या देखभालीसाठीही काही भाग राखून ठेवावा. अहिल्यादेवींनी घालून दिलेली दानाची रीत हीच आहे.