टेंभूचे आगरकर

सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांना टेंभू हे नाव उपसा योजनेच्या पाण्यामुळे परिचित आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळ कृष्णाकाठी वसलेल्या याच गावी १४ जुलै १८५६ रोजी गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. प्राध्यापक, संपादक व भाषेचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु गरिबीशी झगडून शिक्षण कसे मिळवावे व मिळाल्यावर त्याचे काय करावे, यासाठी त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनी अवश्य वाचावे.

घरची परिस्थिती बेताचीच होती. कराडला थोडे शिक्षण होताच मामलेदार कचेरीत कारकुनी करण्याची पाळी आली. पुढे शिकण्याच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले. पण तेथे सोय लागली नाही. अखेर अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना अंगावर एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालीत, असे सांगतात. अशा स्थितीत ते १८७८ साली बी. ए. व पुढे एम. ए. झाले.

त्या काळी एम. ए. झालेल्यास सरकारी मोठ्या हुद्द्याची वाट मोकळी होती. आता कष्टाचे दिवस संपतील, असे आईला वाटणे साहजिकच होते. परंतु आपण पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकांसाठी आयुष्य वेचणार, असे त्यांनी आईला पत्राने कळविले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते शिक्षक झाले.

१८८१ साली सुरू झालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक होत. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबाबत छापलेल्या मजकुरावरून दिवाणांनी खटला भरला. पुराव्याची पत्रे खरी ठरली नाहीत आणि १८८२ साली आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर या दोघा मित्रांचे पटेना, तेव्हा आगरकरांनी 'केसरी' सोडला व ऑक्टोबर १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्याच वर्षी मराठी वाक्यरचनेचा शास्त्रीय विचार करणारा 'वाक्यमीमांसा' हा त्यांचा ग्रंथ निघाला.

मुलींना मुलांसारखेच शिक्षण द्यावे, तेही एकत्र द्यावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहता येईल असे द्यावे, हा विचार त्यांनी 'सुधारक'मधून निर्भयपणे मांडला. संतापलेल्या लोकांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. पण लेखणी थांबली नाही. दम्याने शरीर पोखरले असतानाही १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे वेगळे बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते.

ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, तिनेच पुढे साताऱ्याचे न्यू इंग्लिश स्कूल व सांगलीचे विलिंग्डन कॉलेज चालविले. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील कितीतरी पिढ्या तेथे शिकल्या. टेंभूचा मुलगा कचेरीतील कारकुनीवरच थांबला असता, तर महाराष्ट्र एका मोठ्या शिक्षकास व संपादकास मुकला असता.

मुलगा दहावी झाला, आता गॅरेजवर किंवा दुकानात लावू. मुलगी मोठी झाली, आता स्थळे पाहू, असा विचार ज्या घरात चालला असेल तेथील वडीलधाऱ्यांनी हे चरित्र मनात आणावे. अडचण खरी असते, हे आगरकरांइतके कोणाला ठाऊक होते? म्हणून शाळा सोडविण्यापूर्वी शिष्यवृत्ती, वसतिगृह, नातेवाईक, शिक्षक असे सर्व दरवाजे एकदा ठोठावून पाहावेत. विद्यार्थी मित्रांनीही ध्यानात ठेवावे की, एक दरवाजा उघडला नाही म्हणून शिक्षणाची वाट संपत नाही. आगरकरांना रत्नागिरीहून परत फिरावे लागले, तरी पुढे अकोला होतेच.