श्रीरामपूरच्या अग्नीत हरवलेले रामायण

रामनवमीस रामकथा श्रवण करावी, हा आपल्याकडील घरोघरचा कुलाचार. आज जी कथा निवेदन करावयाची आहे तिच्यात राम आहे. परंतु तिचा नायक रामभक्त नव्हे. तो प्रॉटेस्टंट पंथाचा ख्रिस्ती धर्मोपदेशक, जन्माने इंग्रज, आणि ऐन तारुण्यात जोडे शिवून पोट भरणारा कारागीर. त्याचे नाव विल्यम कॅरी. स्थळ श्रीरामपूर, आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे, तर कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीच्या पश्चिम तीरावर वसलेले आणि त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली असलेले.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात एका खेड्यात झाला. चामडे शिवता शिवताच त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा आत्मसात केल्या. १७९३ मध्ये ते सहकुटुंब बंगालात आले. आरंभीची वर्षे दारुण होती. मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर असताना १७९४ मध्ये पीटर नावाचा पाच वर्षांचा मुलगा दगावला. पत्नी डोरोथी हिच्या चित्ताला जो भ्रम जडला, तो १८०७ मध्ये तिचे देहावसान होईपर्यंत सुटला नाही. शेजारच्या खोलीत हा आकांत चालू असता हा गृहस्थ भाषांतराची पाने लिहीत बसे. या निष्ठेला धन्य म्हणावे की निष्ठुर म्हणावे, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

१८०० मध्ये ते श्रीरामपुरास आले. जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे दोन सहकारी लाभले आणि तेथे छापखाना उभा राहिला. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने व पुढे त्यांचे जामात मनोहर यांनी अक्षरांचे ठसे कोरले. १८०४ मध्ये संस्कृत हितोपदेश तेथे देवनागरीत मुद्रित झाला. १८०६ मध्ये कॅरी यांचे संस्कृत व्याकरण सिद्ध झाले. दरम्यान ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व मराठी शिकवू लागले होते. महाराष्ट्रात त्यांचे पाऊल कधी पडले नाही. तरी नागपूरकडील वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये मोडी ठशांतील कोश प्रसिद्ध केला. त्यांच्या मराठीस वऱ्हाड-नागपूरकडील वळण आहे, आणि पुण्या-मुंबईकडील वाचकांस ती परकी वाटली, यात नवल नाही.

आता मुख्य विषय. कॅरी व मार्शमन यांनी वाल्मीकिरामायण मूळ संस्कृत व इंग्रजी भाषांतरासह छापण्यास घेतले. १८०६ ते १८१० या अवधीत तीन खंड निघाले. त्यांचा हेतू काय होता, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. आपल्या देवदेवतांविषयी त्यांच्या पत्रांतून कठोर शब्द आलेले आहेत, आणि रामायणाच्या विक्रीतून येणारा पैसा बायबलच्या भाषांतरकार्यास लावावा, असाही त्यांचा हिशेब होता. परंतु वाल्मीकींच्या श्लोकाश्लोकाशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या त्या मनुष्याचा व्यासंग मात्र खोटा नव्हता.

११ मार्च १८१२ च्या सायंकाळी छापखान्यात कागदाच्या साठ्याला आग लागली. कॅरी तेव्हा कलकत्त्यात होते. वॉर्ड व मार्शमन यांनी दारे-खिडक्या बंद करून धूर कोंडला, वरून छप्पर फोडून कित्येक तास पाणी ओतले. आग आटोक्यात येऊ लागली, तोच कोणी तरी एक खिडकी उघडली. वारा आत शिरला आणि मध्यरात्रीच्या सुमारास सारे छप्पर कोसळले. चौदा लिप्यांचे टाइप वितळून गेले. कॅरींनी जन्माचे संचित म्हणून जमविलेला, संस्कृतास पायाशी ठेवून रचलेला बहुभाषी कोश, तेलुगू व पंजाबी व्याकरणांची हस्तलिखिते, आणि रामायणाच्या पुढील भागाचे भाषांतर, सर्व भस्मसात झाले. हानी सुमारे साठ-सत्तर हजार रुपयांची धरली गेली; पण हस्तलिखिताची किंमत कोणत्या वहीत लिहावी? ज्याने कधी स्वहस्ते पोथी उतरून घेतली आहे, त्यास हे वेगळे सांगावयास नको. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्या. हुगळीकाठच्या अग्नीने काही परत दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी कलकत्त्यास जाऊन वार्ता सांगितली. कॅरी श्रीरामपुरास परतले, धुमसत्या राखेतून फिरले. येत्या रविवारी त्यांनी बायबलातील ४६ व्या स्तोत्रावर प्रवचन केले. विषय होता ईश्वरेच्छेपुढे मौन धरण्याचा. इंग्लंडातील सहकारी अँड्र्यू फुलर यांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी नष्ट झालेल्या वस्तूंची यादी दिली. परंतु दोष कोणावर ठेवला नाही. सुदैवाने मुद्रणयंत्रे वाचली होती, आणि ढिगाऱ्यातून अक्षरांचे पोलादी ठसे व साचे हाती लागले. काही आठवड्यांतच नवे टाइप ओतले जाऊ लागले. इंग्लंडातून दोन महिन्यांच्या आत हानीइतका द्रव्यनिधी उभा राहिला.

पुढील आयुष्यात त्यांनी पुष्कळ केले. १८१४ मध्ये मराठी सिंहासनबत्तिशी व १८१५ मध्ये हितोपदेश त्यांच्याच छापखान्यातून बाहेर पडले. १८१८ मध्ये श्रीरामपूर कॉलेज स्थापन झाले. सतीबंदीचा कायदा डिसेंबर १८२९ मध्ये बंगाली भाषांतरासाठी त्यांच्याकडे आला, तो रविवारी. प्रवचनाची गादी दुसऱ्याच्या हवाली करून सायंकाळपर्यंत त्यांनी तो उतरवून दिला. एक दिवसाचा विलंब म्हणजे कदाचित एका विधवेचा प्राण, हे ते जाणून होते.

घरी पाठविलेली त्यांची पत्रे निराळीच आहेत. इंग्लंडात मेरी नावाची त्यांची बहीण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली होती. तिची विचारपूस आणि तिच्यासाठी धाडलेला पैसा यांचा उल्लेख त्यांत येतो. बागेतील झाडांची चिंता तर शेवटपर्यंत सुटली नाही.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या मिशनरी संस्थेची जुनी कागदपत्रे आज ऑक्सफर्डच्या एका ग्रंथालयात जपून ठेवलेली आहेत. जळालेल्या व्याकरणांपैकी काही त्यांनी पुन्हा लिहून काढली. रामायणाचे काम मात्र पुन्हा हाती घेतले गेले नाही. मुद्रित खंड अयोध्याकांडापाशी थांबले, ते तेथेच.