बाळ दचकतं त्यावरून त्याच्या मेंदूची खबर देणारे डॉक्टर मोरो

घरात भांडं पडलं की पाळण्यातलं तान्हं बाळ दचकतं. दोन्ही हात झटकन बाजूला फेकतं, बोटं पसरतं, मग कुणाला तरी मिठी मारावी तसे हात छातीशी आणतं आणि बहुतेक वेळा रडायला लागतं. यालाच डॉक्टर 'मोरो रिफ्लेक्स' म्हणतात. ज्यांच्या नावावरून हे नाव पडलं ते म्हणजे अर्न्स्ट मोरो.

मोरोंचा जन्म १८७४ चा, लायबाख शहरातला. तेव्हा हे शहर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं, आज ते ल्युब्लियाना या नावाने स्लोव्हेनियाची राजधानी आहे. ग्राझमध्ये ते डॉक्टर झाले आणि तिथेच थिओडोर एशेरिश या नामांकित बालरोगतज्ज्ञांच्या हाताखाली शिकले.

त्या काळात युरोपात जुलाबाने लहान मुलं पटापट दगावायची. त्यामुळे मोरोंचं सुरुवातीचं काम पोटाभोवतीच फिरलं. १९०० साली अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमधून त्यांनी एक जिवाणू वेगळा काढला. आज प्रोबायोटिकच्या पाकिटावर दिसणारा 'अ‍ॅसिडोफिलस' तो हाच. १९०८ साली त्यांनी जुलाब झालेल्या मुलांसाठी गाजराचं साधं सूप सुचवलं. जर्मन भाषिक भागात ते आजही मोरोंच्या नावाने ओळखलं जातं.

१९११ साली ते जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पहिलं महायुद्ध सुरू असतानाच, १९१८ साली, त्यांनी बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांवर एक लेख लिहिला. बाळाला टेबलावर निजवून त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी उशीवर थाप मारायची आणि हात काय करतात ते बघायचं, एवढीच त्यांची तपासणी. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, त्याचीच ही उरलेली खूण असावी, असं त्यांचं मत होतं.

पण या दचकण्याला एवढं महत्त्व का? कारण ते जसं असायला हवं, तसंच वेळेवर जायलाही हवं. जन्मल्यावर ते दिसलंच नाही, तर मेंदू किंवा नसांची तपासणी करावी लागते. एकच हात हलला, तर जन्मताना गळपट्टीचं हाड मोडलं असेल किंवा खांद्याच्या नसांना इजा झाली असेल, अशी शंका येते. मेंदूचा वरचा भाग जसजसा ताबा घेतो, तसं हे दचकणं साधारण चार ते सहा महिन्यांत मावळतं. सहा महिन्यांनंतरही ते ठळक राहिलं, तर डॉक्टर सावध होतात.

वेळेआधी जन्मलेली, जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेली किंवा जोरदार कावीळ झालेली बाळं सेरेब्रल पाल्सीच्या जोखमीत असतात. म्हणून पुढच्या डॉक्टरांनी अशा बाळांच्या तपासणीत मोरोंचा रिफ्लेक्स आवर्जून ठेवला. फक्त त्यावरून निदान होत नाही. मान कधी धरली, मुठी सुटल्या का, अंग ताठ आहे की फार सैल, हे सगळं जोडीने बघतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. शंका लवकर आली तर उपचारही लवकर सुरू होतात, आणि त्या वयात मेंदू शिकायला सर्वात तयार असतो. मात्र ही तपासणी घरी करून बघायची नाही, ती डॉक्टरांचीच.

स्वतः मोरोंवर मात्र वेगळीच वेळ आली. त्यांच्या पत्नी ग्रेटे ज्यू कुटुंबातल्या होत्या आणि १९३३ पासून जर्मनीवर नाझींची सत्ता होती. १९३६ साली मोरोंनी प्रकृतीचं कारण देऊन पद सोडलं. पंचवीस वर्षं सांभाळलेलं रुग्णालय सुटलं, पण मुलांना तपासणं सुटलं नाही. हायडेलबर्गमध्येच त्यांनी खासगी दवाखाना सुरू केला.

१९५१ साली तिथेच त्यांचं निधन झालं. आज नवजात बाळाच्या तपासणीत मोरो हे नाव जगभरातले डॉक्टर रोज घेतात.