अंधारातला गणिती : लिओनार्ड ऑयलर

गणिताचे नाव काढताच आपल्या कला शाखेतल्या अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु ज्याच्या आयुष्याची कहाणी आपणही आवडीने वाचावी, असा एक गणिती अठराव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव लिओनार्ड ऑयलर.

१५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे त्याचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तोच मार्ग धरावा, ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नोली या थोर गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखली आणि वडिलांचे मन वळवले. १७२७ साली विशीतला ऑयलर रशियात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाला.

ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा भाजक नसतो, ती मूळ संख्या. फ्रान्सच्या फर्माने ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशी एक माळ मांडली होती आणि तिच्यातील प्रत्येक संख्या मूळच असेल, असा त्याचा विश्वास होता. माळेतील पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. फर्माचे नाव एवढे मोठे, की शंका कोण घेणार? गोल्डबाख या मित्राने १७२९ साली पत्रातून हा प्रश्न ऑयलरपुढे ठेवला. १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले, की या संख्येला ६४१ ने पूर्ण भाग जातो आणि ६७,००,४१७ हा भागाकार येतो. फर्माचा विश्वास एका भागाकाराने ढासळला!

१७३८ साली ऑयलरच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ पासून पंचवीस वर्षे बर्लिनमध्ये काढून १७६६ साली तो पीटर्सबर्गला परतला आणि लवकरच दुसरा डोळाही निकामी झाला. १७७१ साली घर आगीत भस्मसात झाले. एका देशबांधवाने त्याला बाहेर काढले, म्हणून प्राण वाचले. तरीही काम थांबले नाही. तो तोंडाने सांगे, मुलगा व शिष्य लिहून घेत.

याच काळात त्याने दुसरी प्रचंड संख्या हाती घेतली : २,१४,७४,८३,६४७. दोनाचा एकतिसावा घात करून त्यातून एक वजा केला की ती मिळते. ती मूळ आहे, असे मर्सेनने १६४४ साली लिहिले होते, पण सिद्धता दिली नव्हती. सरळ पडताळा घ्यायचा, तर साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. या संख्येचे भाजक असलेच तर ते कोणत्या ठराविक रूपाचे असतील, हे ऑयलरने आधी शोधले. मग तपासायला शंभराहूनही कमी संख्या उरल्या. एकीनेही भाग गेला नाही. १७७२ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ याहून मोठी मूळ संख्या कोणाला सिद्ध करता आली नाही.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर निवर्तला. एका थोराचे म्हणणे त्याने खोटे ठरवले, दुसऱ्याचे खरे ठरवले. दोन्ही वेळा कसोटी एकच होती. नाव कितीही मोठे असो, पडताळा घ्यावाच लागतो. इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकणाऱ्या आपल्यालाही हा धडा तितकाच लागू नाही का?